परतीच्या वाटेवरचा दोष



पिनबॉलचं मशीन तुम्ही चित्रपटात तरी पाहिलं असेल. काचेखाली उतरती फळी, तिच्यावरून घरंगळणारी पोलादी गोळी, आणि ती खाली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या बटणांनी उडवायचे फ्लिपर. हे फ्लिपर १९४७ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर आणले. बॅली, विल्यम्स आणि स्टर्न हे बाकीचे मोठे कारखानदारही शिकागोचेच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या मशीनच्या पोटातले रिले गेले आणि मायक्रोप्रोसेसर आले. त्या पहिल्या पिढीची मशीनं अमेरिकेतले हौशी लोक आजही दुरुस्त करून खेळतात. त्यांना सर्वांत जास्त छळणारा दोष फार साधा आहे, आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

गॉटलिबने १९८० मध्ये ‘सिस्टिम ८०’ नावाची इलेक्ट्रॉनिक रचना आणली. ‘ब्लॅक होल’, तीन मजली ‘हाँटेड हाउस’ ही गाजलेली मशीनं तिच्यावरच चालतात. अशा मशीनमध्ये एखादे दिवशी अचानक धूर येतो. पाहावं तर गोळीला ठोका देणारी एक कॉइल जळालेली, आणि तिला चालवणारा ट्रान्झिस्टरही गेलेला. कारागीर दोन्ही बदलतो, मशीन सुरू करतो, आणि काही दिवसांनी पुन्हा धूर. जळलेली वस्तू डोळ्यांसमोर असते, म्हणून दोष तिचाच वाटतो. खरा दोष असतो ग्राउंडमध्ये, म्हणजे करंट ज्या वाटेने परत जातो त्या वाटेत.

गावात नळाचं पाणी आलं की समारंभ होतो. गटाराचं उद्घाटन कुणी करत नाही. पण गटार तुंबलं की तेच पाणी उलटून घरातल्या मोरीत चढतं. ग्राउंडचंही तसंच आहे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला ‘बंद’ आणि ‘चालू’ हा फरक ग्राउंडच्या पातळीवरून कळतो. त्या काळच्या चिपा साधारण ०.८ व्होल्टच्या खालचं सगळं ‘बंद’ समजतात. आता समजा, परतीच्या एका जोडात अर्धा ओम रोध आला आणि त्यातून दोन अँपिअर करंट गेला. झाला एक व्होल्ट! बोर्डाचं ग्राउंड तेवढं वर उचललं गेलं आणि चिपचा हिशेब चुकला. बोर्डाचं ग्राउंड पार सुटलं, पण ट्रान्झिस्टरचं दुसऱ्या वायरने शाबूत राहिलं, तर चिप ‘बंद’ म्हणते ते ट्रान्झिस्टरला ‘चालू’ वाटतं. कॉइल तर क्षणभराच्या ठोक्यासाठी बनवलेली. २४ व्होल्टवर चार ओमची कॉइल अडकून राहिली, तर १४४ वॅट उष्णता तिच्यातच जिरते. मग धूर निघाला तर नवल काय?

जोड बिघडतो कसा? सिस्टिम ८०मध्ये बोर्डाच्या कडेवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना कनेक्टरच्या स्प्रिंगा नुसत्या टेकलेल्या असतात. मशीन हादरतं, धूळ बसते, कल्हई गंजते. रोध वाढला की जोड तापतो, तापला की स्प्रिंग सैल पडते, आणि सैल पडली की रोध आणखी वाढतो. विल्यम्स आणि बॅलीच्या मशीनमध्ये दिव्यांच्या कनेक्टरची हीच गत. एक दिवा पाव अँपिअर घेतो. असे चाळीस दिवे म्हणजे दहा अँपिअर. तिथलं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं, की समजावं.

उपाय स्वस्त आहे. मशीनचा प्लग आधी काढायचा. मग प्रत्येक बोर्डाच्या ग्राउंडपासून एक जाड वायर सरळ पॉवर सप्लायच्या एका ठिकाणी न्यायची. एका बोर्डाचं ग्राउंड दुसऱ्याच्या कनेक्टरमधून फिरवायचं नाही. कनेक्टर बदलायचा तर पिन आणि तिच्यावर बसणारा टर्मिनल, दोन्ही नवे घ्यायचे; जुन्या काळ्या पिनेवर नवा टर्मिनल लवकरच सैल होतो. पिन सँडपेपरने घासू नये, वरची कल्हई निघून जाते. टर्मिनल योग्य पकडीने क्रिंप करायचा, म्हणजे त्याच्या पाकळ्यांची एक जोडी तांब्याला धरते आणि दुसरी वायरच्या आवरणाला. आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला पिनेभोवतीचा सोल्डरचा डाग भिंगातून पाहावा. तिथे केसासारखी गोल चीर असेल, तर कनेक्टर नवा असून उपयोग नाही.

तपासणीत एक फसगत असते. बंद मशीनवर मल्टिमीटरने रोध मोजला तर सगळं ठीक दिसतं, कारण मीटर अगदी थोडा करंट सोडतो. खरी परीक्षा चालू मशीनवर, जाणत्या हातांनी. मीटरची एक दांडी पॉवर सप्लायच्या ग्राउंडवर, दुसरी बोर्डाच्या ग्राउंडवर, आणि दिवे पेटलेले. दोन्हींत काही मिलिव्होल्ट असणं साहजिक आहे. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड सापडला.

या ग्राउंडची घरच्या अर्थिंगशी गल्लत करू नये. अर्थिंग माणसाला वाचवण्यासाठी असतं. जुन्या मशीनचा तीन पिनांचा प्लग तोडून दोन पिनांचा केलेला आढळला, तर तो आधी पूर्ववत करायचा.

काही संग्राहकांना अशी जादा वायर खटकते. मशीन कारखान्यातून निघालं तसंच राहावं, असं त्यांचं म्हणणं. चित्रं, काच, घंटा यांच्या बाबतीत मला ते पटतं. पण काचेमागे लपलेल्या वायरीने खेळ रतिभर बदलत नाही. तिच्यावाचून मूळ कॉइल मात्र जळू शकते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अर्थिंग, मग ग्राउंड, मग कनेक्टर, आणि हे तिन्ही मोजून झाल्यावरच नवी कॉइल.