ट्रकमध्ये केळी किती?



पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं होतं, पुण्याला रोज किती लिटर दूध लागत असेल? मी "माहीत नाही, सर" म्हणालो आणि गप्प बसलो. पाठांतरात आपण पहूरकर कधी कच्चे नव्हतो, पण हे कुठल्याच गाईडात नव्हतं. नोकरी हुकली.

दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी अर्जावरचा जिल्हा वाचला. "जळगावचे ना? दहा टन माल भरलेल्या ट्रकमध्ये केळी किती?" आकडा याही वेळी ठाऊक नव्हता. पण मी कागद मागितला आणि मोठ्यानं बोलत हिशेब मांडला. घड वीस किलोचा धरू, म्हणजे 500 घड. घडाला दहा फण्या, फणीला पंधरा केळी. झाली 75,000. मग उलटून पाहिलं: वीस किलोत दीडशे, म्हणजे एक केळं साधारण 133 ग्रॅमचं. पटण्यासारखं.

साहेब म्हणाले, "आणि घड पंधराच किलोचा निघाला तर?" मला घाम फुटला. खरी परीक्षा इथं होती. जरा थांबून म्हणालो, "घड जास्त बसतील, पण प्रत्येकात केळी कमी. केळं तेवढंच असेल, तर आकडा तोच." ते हसले. (ट्रक भरणाऱ्या आपल्या मजुरांना हे कागदाशिवाय कळतं, ती गोष्ट वेगळी.)

मागे दहावीची मुलं बसली आहेत. आपली पीजे पाचोरा ते जामनेर 56 किलोमीटर धावायची. तिच्या रुळांखाली स्लीपर किती असतील? नुसता आकडा नको. जेवणाच्या वेळी हिशेब घेऊन या.