औषधाची वेळ आणि व्रताची वेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भंडारा येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण आजवर विद्वानांना ऐकले आहे. मी विद्वान नाही, डॉक्टरही नाही. गेली अकरा वर्षे पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, सोबत घेऊन जगणारा मी एक साधा व्यापारी आहे. माझ्या हाताची थरथर आपल्याला दिसतेच आहे. जे दिसत नाही, त्या औषधांच्या त्रासाविषयी बोलावे अशी विश्वस्तांची आज्ञा झाली.

१८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला. मेंदूत डोपामिन हे द्रव्य कमी पडल्याने हालचाली मंदावतात. ती उणीव भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात उपचारात आले आणि आजही तेच मुख्य आधार आहे. त्याने आजार बरा होत नाही. पण चालणे, बोलणे, स्वतःच्या हाताने जेवणे शक्य होते.

पाच वर्षांपूर्वी पर्युषणात मी अठ्ठाईचा संकल्प केला. गोळ्यांनी मळमळ होतच होती. वाटले, आठ दिवस त्याही सोडून पाहू. डॉक्टरांना विचारले नाही, घरी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी शरीर लाकडासारखे ताठ झाले, ताप चढला, बोलणे असंबद्ध झाले. मुलांनी तातडीने नागपूरला नेले म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. ही औषधे एकाएकी थांबवल्यास प्राणावर बेतू शकते, हे मला तेव्हा कळले. म्हणून पहिली विनंती हीच की, त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

त्रास अनेक असतात आणि बहुतेकांवर काही ना काही उपाय असतो. मळमळ होत असल्यास गोळीबरोबर अर्धा खाकरा खावा. वरण, दूध, दही मात्र नको, कारण प्रथिने औषधाची वाट अडवतात. मी जेवणापूर्वी अर्धा तास गोळी घेतो. उलटीवरचे औषध परस्पर घेऊ नये; मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही नेहमीची औषधे कंपवात वाढवतात. कवचबीज, म्हणजे खाजकुहिलीचे बी, यात निसर्गतःच लेव्होडोपा असते. त्याचे चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर मात्रा नकळत वाढते.

उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते. आधी पलंगाच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. पाणी दिवसभर पुरेसे प्यावे. काही वर्षांनी अंग आपोआप वळवळू लागते. लोकांना वाटते आजार वाढला. पुष्कळदा तो औषधाचा परिणाम असतो आणि मात्रा व वेळा बदलून कमी करता येतो. यासाठी गोळी, जेवण आणि अंग आखडण्याची वेळ मी रोज वहीत मांडतो. दुकानाच्या रोजमेळाची सवय इथे कामी आली.

दोन त्रास असे आहेत की घरचे लाजेने लपवतात. एक म्हणजे भास. खोलीत माणसे दिसतात, भिंतीवर मुंग्या दिसतात. ती बाहेरची बाधा नव्हे. दुसरा अधिक नाजूक आहे. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराची, सट्ट्याची, खरेदीची वा कामवासनेची अनावर ओढ लागते. आयुष्यभर संयमाने वागलेला मनुष्य अचानक शेअर बाजारात पैसा उधळू लागला, तर त्याच्या चारित्र्याचा न्याय करण्याआधी त्याच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या घरचा प्रश्न. डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो; नवकारशीला सकाळचे साडेसात होतात. चौविहार पाळला तर चौदा तास गोळी नाही, आणि साध्या गोळीचा असर चार-पाच तासही टिकत नाही. रात्रभर मला कूस बदलता येत नसे. शेवटी मी दोघांना विचारले. डॉक्टरांनी रात्रीसाठी हळूहळू विरघळणारी गोळी दिली. महाराजसाहेबांनी पच्चक्खाणातील आगारांची आठवण करून दिली. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषधाची मोकळीक तिथे आधीपासूनच आहे. ती पळवाट नव्हे. आणि तपाचे प्रकार बारा आहेत, अनशन त्यांतला एक.

आता मी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. रात्री नऊला पाण्याबरोबर गोळी तेवढी घेतो. उपवासाऐवजी द्रव्यमर्यादा आणि स्वाध्याय करतो. सुरुवातीला मन खट्टू झाले, हे नाकारत नाही. अठ्ठाईच्या तपस्वींची मिरवणूक दारावरून जाई तेव्हा डोळे भरून येत. पण आज स्वतःच्या पायांनी मंदिराच्या पायऱ्या चढतो, हे त्याच गोळीमुळे.

तरुणांना एवढेच सांगेन की, पर्युषणापूर्वी घरातील रुग्णाला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि व्रत व औषध यांचे वेळापत्रक एकत्र बसून ठरवा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि कुटुंबीयांना एकत्र आणते. ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. त्या दिवशी आपल्या उपाश्रयातही चार रुग्ण एकत्र बसले, तर या महोत्सवाचे सार्थक होईल.

माझ्या अडखळत्या बोलण्याने आपला वेळ गेला असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!