मदतीचा धनादेश संपल्यानंतर
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पीकशास्त्र हा माझा विषय. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, आंतरपिके यांवर मी नेहमी बोलतो. आजही शेवटी थोडे त्यावर बोलणारच आहे. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरापुढे पहिला प्रश्न खताच्या मात्रेचा नसतो. सातबारा कोणाच्या नावावर, सोसायटीचे कर्ज कोण फेडणार, महिन्याचा किराणा कशातून आणायचा, हे प्रश्न आधी येतात. ते सुटल्याशिवाय शेती उभी राहत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

घरात मृत्यू झाला की पहिल्या महिन्यात मदतीची चर्चा खूप होते. गावातले चार लोक येतात, कागद गोळा होतात, एखादा धनादेश मिळतो. नंतर सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या धनादेशातून देणी फिटतात, दिवसकार्य होते आणि वर्षभरात हातात काही उरत नाही. खरी कसोटी त्यानंतर लागते. एकदाच मिळणारी मदत कोणती, दरमहा मिळणारी कोणती आणि ती केव्हा थांबणार, हे त्या घराला आधीच माहीत असले पाहिजे.

एकदाच मिळणारी मदत

शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल, तर जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबास एक लाख रुपये मिळतात. त्यापैकी ३०,००० रुपये धनादेशाने दिले जातात आणि ७०,००० रुपये पोस्टात किंवा बँकेत मासिक प्राप्ती योजनेत ठेवले जातात. पोस्टाच्या या योजनेची मुदत पाच वर्षे असते. वार्षिक ७.४ टक्के व्याज धरले, तर ७०,००० रुपयांवर महिन्याला सुमारे ४३० रुपये मिळतात. पाच वर्षांनी ते बंद होतात. पात्रतेचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा यांची कागदपत्रे तेथे महत्त्वाची ठरतात. प्रकरण अपात्र ठरले, तर कारण लेखी मागून घ्यावे. अपात्र ठरल्यामुळे पुढे सांगितलेल्या इतर योजनांचा हक्क जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

मृत्यू अपघाती असेल, म्हणजे वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, विहिरीत पडणे, फवारणीची विषबाधा किंवा रस्ता अपघात, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल, तर प्रकरण अडते. सर्पदंश झाला म्हणून घाईघाईने अंत्यविधी उरकला, तर पुढे पुरावा राहत नाही.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा मुख्य कमावता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा.

आणखी एक काम आजच करा. मयताचे बँक पासबुक काढून त्यातील वजावटी पाहा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. मृत्यूच्या कोणत्याही कारणासाठी, आत्महत्या असली तरी, तिचे दोन लाख मागता येतात. २० रुपये कापले असतील, तर तो अपघात विमा आहे. पुष्कळ घरांत हा हप्ता जात असतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. बँकेत लवकरात लवकर दावा दाखल करावा.

सर्वांत आधी वारस नोंद

वरील आणि पुढील बहुतेक योजनांची किल्ली म्हणजे सातबारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि आधार एवढ्या कागदांवर अर्ज देऊन पोच घ्यावी. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ क मध्ये, नोंद होते. नंतर फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र नसताना मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वारसांच्या यादीतून सुनेचे नाव गाळणे किंवा "तुझे नाव इतर हक्कात लावू" असे सांगून तिची समजूत घालणे चुकीचे आहे. पत्नीचे नाव कब्जेदार सदरात आले पाहिजे. हक्कसोड पत्रावर दुःखाच्या दिवसांत कोणीही सही करू नये. मुलांचे नाव लागताना ती अज्ञान असतील, तर 'अ.पा.क.' म्हणून आईचे नाव लागले आहे ना, हे पाहावे.

वारस नोंद झाल्यावर तिच्या स्वतःच्या नावाने शेतकरी ओळख क्रमांक काढावा. महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी तो २०२५ पासून आवश्यक केला आहे. पीएम-किसानमध्ये मयताची माहिती कळवून वारस म्हणून नवीन नोंदणी करावी. मयताच्या खात्यावर हप्ते येत राहिले आणि ते काढले, तर पुढे वसुली होऊ शकते.

दरमहा मिळणारी मदत

१. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा भगिनींना ६५ वर्षांपर्यंत दरमहा मदत मिळते. जुलै २०२३ पासून ती १,५०० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव किंवा २१,००० रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला, तसेच राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य लागते. अर्ज देण्यापूर्वी उत्पन्नाची मर्यादा तहसील कार्यालयात पुन्हा विचारून घ्यावी. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेतून मदत मिळते.

२. घरातील सासू-सासरे ६५ वर्षांवरील असतील, तर त्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज वेगळा करावा. सुनेला मदत मिळते म्हणून सासूचा अर्ज आपोआप बाद होत नाही. तिची पात्रता स्वतंत्रपणे पाहिली जाते.

३. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या पात्र बालकास १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत दरमहा मदत मिळते. २०२३ पासून ती प्रत्येक बालकामागे २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करावा. तहसीलमध्ये ही योजना नसल्याने ती अनेक घरांच्या लक्षातच येत नाही.

४. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेविषयी विचारणा होते. दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील, तर त्या योजनेचा लाभ घेता येत नाही. दोन्हीकडून रक्कम घेतली, तर चौकशीत अडचण येते.

मंजूर झालेली मदत मध्येच का थांबते, याची कारणे बहुधा साधी असतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिलेला नसतो, आधार बँक खात्याशी जोडलेले नसते, किंवा आधारवरील आणि पासबुकावरील नाव जुळत नाही. मदत दोन महिने आली नाही, तर लगेच तहसीलमधील संजय गांधी शाखेत जावे. दलालास पैसे देऊ नयेत.

हिशेब मांडून पाहू

उदाहरणादाखल एक कुटुंब धरू. तीन एकर कोरडवाहू जमीन, पत्नीचे वय ३४, मुले ११ आणि ८ वर्षांची, सासू ६७ वर्षांची. पात्रता मंजूर झाली, तर महिन्याचा हिशेब असा बसेल:

संजय गांधी योजना: १,५०० रुपये
बालसंगोपन, दोन मुले: ४,५०० रुपये
सासूची श्रावणबाळ मदत: १,५०० रुपये
पीएम-किसान व नमो, महिन्याच्या सरासरीने: १,००० रुपये
एकूण: ८,५०० रुपये

७०,००० च्या ठेवीचे ४३० रुपये वेगळे, पण फक्त पाच वर्षे. सात वर्षांनी मोठा मुलगा १८ वर्षांचा झाला की एकूण ६,२५० रुपये होतील. दहा वर्षांनी धाकटाही १८ चा झाला की ४,००० रुपये उरतील. सासूबाई गेल्यानंतर २,५०० रुपये. म्हणजे मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च ज्या वर्षी वाढतो, त्याच वर्षी मदत कमी होते.

म्हणून प्रत्येक घरात एक साधी वही ठेवावी. योजनेचे नाव, अर्जाचा दिनांक, पोच क्रमांक, पुढील दाखला केव्हा द्यावयाचा आणि मदत कोणत्या महिन्यात संपणार, एवढे पाच रकाने पुरेत. मुलांच्या जन्मतारखाही त्यातच लिहाव्यात. पाच वर्षांनी ठेव मोडून येणारे ७०,००० रुपये कशासाठी वापरायचे, हे त्याआधी एक वर्ष ठरवावे. विहिरीचा गाळ काढणे, दोन शेळ्या, शिक्षणासाठी पुन्हा ठेव असे काही ठरलेले असेल, तर ती रक्कम लग्नकार्यात किंवा उसनवारीत जाणार नाही.

कर्जाविषयी

बँक किंवा सोसायटीच्या कर्जाची वारसांवरील जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. वारस स्वतः जामीनदार असेल, तर गोष्ट वेगळी. नवीन कागदावर सही करण्यापूर्वी थकबाकीचा उतारा लेखी मागावा. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. तक्रारीच्या आधीच्या १५ वर्षांतील असे व्यवहार तपासण्याची त्यात तरतूद आहे.

पहिला हंगाम

पाच-सात वर्षांनी मदत घटणार असेल, तर तेवढ्या काळात जमिनीने घराला आधार दिला पाहिजे. त्यासाठी जमीन हातची जाऊ देऊ नये. पहिल्या वर्षी मनुष्यबळ नसेल, तर बटईने किंवा मक्त्याने द्यावी, परंतु एका वर्षापुरती आणि लेखी, त्यावर दिनांक घालून. ई-पीक पाहणीत काय नोंद होते, ते स्वतः पाहावे.

स्वतः कसणार असाल, तर पहिल्या हंगामात उसनवारीने महागडा खर्च करू नये. मध्यम ते भारी जमिनीत सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. पावसाचा खंड पडून सोयाबीन कमी आले, तरी तूर हाती लागते. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरता येते. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर १०० दाणे ओळीत ठेवून गुंडाळी करावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीस योग्य. पेरणीपूर्वी रायझोबियमची बीजप्रक्रिया १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात करावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. दुबार पेरणीचा खर्च या घराला परवडणारा नाही.

गावाने काय करावे

बंधूंनो, तालुक्याच्या कार्यालयात एकट्या बाईला चार खेपा घालाव्या लागतात आणि त्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. बचत गटातील एखादी भगिनी, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य किंवा सोसायटीचा सचिव तिच्यासोबत गेला, तर काम लवकर होते. तिच्याशी कागदांविषयी बोलावे, तसेच तिचे ऐकूनही घ्यावे. झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते असे घरातील कोणी बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. त्यावर मराठीतून बोलता येते.

शेवटी एक विनंती. हे पान वाचून ठेवून देऊ नका. आपल्या गावात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या घरात असा प्रसंग घडला, तेथे जाऊन एवढेच विचारा, "वहिनी, सातबाऱ्यावर तुमचे नाव लागले का? मुलांचा बालसंगोपनाचा अर्ज दिला का?" उत्तर 'नाही' आले, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन तालुक्याला जा.