घरात निवासी डॉक्टर असेल तर

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं १ वर्ष संपलं, की निवासी डॉक्टर म्हणून एमडी किंवा एमएसची आणखी ३ वर्षं असतात. अनेकांची लग्नं याच सुमारास होतात आणि जोडीदारही त्या वेळापत्रकात ओढला जातो.

पहिलं वर्ष सर्वांत जड. वॉर्ड, ओपीडी, तातडीचे रुग्ण, रात्रपाळी. घरी आल्यावर आधी झोप हवी असते, गप्पा नंतर. म्हणून ड्यूटीचं वेळापत्रक हाती येताच ते स्वयंपाकघरात लावा आणि लग्नकार्यांची आमंत्रणं त्यावरूनच स्वीकारा. 'यंदा जमणार नाही' हे वडीलधाऱ्यांना जोडीदारानंच सांगितलं, तर डॉक्टरवरचा ताण हलका होतो.

नियमही माहीत असू द्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि कामाची निकड पाहून आठवड्याला १ सुट्टी मिळते. शिक्षणकाळात ३ महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयातही काम करावं लागतं. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्यांना पुढे १ वर्षाची बंधपत्रित सेवा असते. तेव्हा घर, कर्ज, मुलांची शाळा यांचे बेत ४ वर्षं धरूनच आखा.

जोडीदारानं स्वतःची नोकरी, छंद, मित्रमंडळी मात्र सोडू नयेत. दोघांपैकी कुणालाही सतत उदास वाटलं, झोप उडाली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.