झाडा तपासून घ्या
(शिबिरातलं भाषण)



सकाळपासून प्लॉटच्या दाव्यांवर बोलणं झालं. मी पोटाचं बोलणार आहे. हसू नका.

आवणीला बाई वाकली की डोळ्यांपुढं अंधारी येते. तोंड पांढरं, चार पावलांत दम. ठेकेदार म्हणतो कामचोर. भगत म्हणतो भुताळीनं खाल्लं, मग कुणाची तरी म्हातारी आई मार खाते. पुष्कळदा खाणारा असतो आकडीचा जंत. आपण परसाकडे बसतो तिथल्या ओल्या मातीतून तो अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या देतात, पण पिणारा आत तसाच!

त्याची अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. म्हणून कोरड्या बाटलीत सुपारीएवढा झाडा घ्या. लघवी, माती नको. त्याच दिवशी पोचवा, उबेत अंडी फुटून अळ्या होतात. एकदा सापडलं नाही तर आणखी दोनदा द्या.

रक्त-आव पडत असेल तर मात्र घाई. त्यातला अमिबा जिवंत, हलताना बघायचा तर अर्ध्या तासात बघावा लागतो. आपला दवाखाना दोन तास चालून. म्हणजे ती तपासणी आपल्यासाठी नाहीच.

म्हणून मोर्च्याच्या मागणीपत्रात प्लॉटच्या खाली हेही लिहिलंय: बाजाराच्या दिवशी सूक्ष्मदर्शक आणि तपासणारा माणूस बाजारात बसावा, झाडा तिथंच घ्यावा, निकाल वाचून सांगावा. अंगठे आज रात्रीच द्या.