जत्रेचे आकाश आणि सरकारी खजिना



चैत्र पौर्णिमेला आपणांपैकी बहुतेकजण वाडी रत्नागिरीवर जाऊन आलेले असाल. सासनकाठ्या नाचत असतात, चांगभलंचा गजर चाललेला असतो, गुलालाने आसमंत भरून गेलेला असतो आणि लाखो माणसे एका डोंगरमाथ्यावर दाटलेली असतात. अशा वेळी डोक्यावर एखादे ड्रोन घिरट्या घालताना दिसले, तर ते कोणाचे समजावे? हौशी छायाचित्रकाराचे, पोलिसांचे, की एखाद्या दुष्टाचे? ही शंका आता केवळ कल्पनेतली राहिलेली नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ड्रोनसंबंधीचे नवे नियम अमलात आणले.

तेव्हा रक्षण हवे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो खर्चाचा. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने २०२६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी ११ यजमान राज्यांना आणि राजधानीच्या परिसराला ड्रोनविरोधी साधनांकरिता २५ कोटी डॉलरांचे अनुदान दिले. आपल्या राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे. म्हणून अशी मागणी आपल्याकडे झाली, की ती मुंबईच्या खजिन्याकडे किंवा जिल्ह्याच्या नियोजन निधीकडे येणार. हा पैसा तुमचाआमचाच. म्हणून तो देण्यापूर्वी दोनचार प्रश्न विचारणे आपले कर्तव्य आहे.

पहिला प्रश्न, हे यंत्र पाहते काय? कोणी रडारने शोधते, कोणी ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यामधले बिनतारी संकेत ऐकते, कोणी कॅमेऱ्याने टिपते. परंतु रडारला घार आणि लहान ड्रोन यांतला फरक पुष्कळदा कळत नाही; आधीच मार्ग ठरवून सोडलेले ड्रोन चालकाशी बोलतच नाही; आणि गुलालाच्या धुराळ्यात कॅमेऱ्याने काय पाहावे? एकाच साधनावर विसंबून चालत नाही, ते असे.

दुसरा प्रश्न, दिसल्यावर करायचे काय? संकेत अडवणारे जॅमर वापरण्यास आपल्याकडे केंद्राची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. कारण त्याने जवळपासचे इतर बिनतारी दळणवळणही बंद पडू शकते. शिवाय पाडलेले ड्रोन खाली कोणाच्या तरी डोक्यावरच पडणार. त्याहून भय अफवेचे. ‘वरून काही पडले’ एवढे तीन शब्द चिंचोळ्या पायऱ्यांवर पुरेसे होतात.

आणि येथेच माझ्या मनातली खरी चिंता सांगतो. २५ जानेवारी २००५ रोजी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या जत्रेत सुमारे ३०० माणसे गेली. त्यांना आकाशातून कोणी मारले नव्हते. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दाटीची दुकाने आणि उडालेला गोंधळ, एवढ्यानेच घात केला. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात ड्रोनविरोधी यंत्रणा उभी होती. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरीत, सरकारी आकड्याप्रमाणेच, ३० भाविक गेले. आकाशावर पहारा होता, घात जमिनीवर झाला.

याचा अर्थ अनुदान नको, असा नव्हे. ते जरूर घ्यावे. पण यंत्राच्या किमतीबरोबर ते चालवणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा आणि पुढल्या वर्षांच्या देखभालीचा पैसा त्यात धरलेला असावा. जत्रा संपली, की यंत्र कोठडीत धूळ खात पडू नये. तेच दसऱ्याला आणि गणेश विसर्जनालाही फिरावे. ध्वनिक्षेपकावरून शांतपणे सूचना देणारा माणूस आधी नेमावा. आणि आकाशासाठी रुपया मागणाऱ्याने वाट रुंद करण्याचा, उतरण्याचा मार्ग वेगळा ठेवण्याचा हिशेब त्याच कागदावर मांडावा.

ज्योतिबाच्या डोंगरावर आलेली म्हातारी वर पाहत नाही; ती पायरी पाहत चढते. तिच्या पायाखालची पायरी शाबूत आहे ना, हे आधी पाहू या. मग वर पाहण्याचा आपल्याला अधिकार पोचतो.