पडद्यामागची मजुरी

(वर्सोवा येथे महिला मंडळाच्या सभेत 'कमलाबाई' हा माहितीपट दाखवल्यानंतर केलेले भाषण)



आत्ता आपण पाहिलेला माहितीपट रीना मोहन यांनी १९९२ साली केला. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून मुलीला वाढवत होत्या. म्हणजे पडद्यावर आलेली पहिली बाई हातावर पोट असलेली होती.

पुस्तकांत हे एका ओळीत संपतं. माहितीपटात म्हाताऱ्या कमलाबाई स्वतः बोलतात. नवरा लवकर गेला, पदरात मुलगे. नाटकांत कामं करून त्यांनी घर चालवलं. 'मोहिनी भस्मासुर' आज पाहायला मिळत नाही. पण मोहिनीचं म्हणणं टिकलं, कारण कुणीतरी वेळेवर कॅमेरा घेऊन तिच्यापाशी बसलं.

सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत, ती धूत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. आपण त्यांना ओळखतो ते फाळक्यांची बायको म्हणून. घरातलं काम जसं मोजलं जात नाही, तसंच हेही.

हे जुनं झालं असं समजू नका. मुंबईतल्या सिनेमाच्या रंगभूषाकारांच्या संघटनेत बाईला केशभूषेचं कार्ड मिळे, रंगभूषेचं नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली, ती १० नोव्हेंबर २०१४ रोजी! त्याआधी ज्या बायकांनी लपूनछपून रंगभूषा केली, त्यांची नावं कुठे सापडणार?

आपल्या वर्सोव्यात एकीकडे कोळीवाडा, दुसरीकडे यारी रोडला सिनेमावाल्यांची वस्ती. गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहिलेल्या, कपडे शिवलेल्या, केस विंचरलेल्या, कलाकारांच्या घरी पोळ्या लाटलेल्या बायका आपल्यातच आहेत. सिनेमाचा इतिहास त्यांच्याकडेही आहे. त्यांना नटनट्यांचे किस्से विचारू नका. किती तास उभं राहिलात? हातात किती पैसे आले, मधल्या माणसाने किती कापले? कपडे कुठे बदललेत? रात्री घरी कशा आलात? हे विचारा.

मात्र आधी परवानगी घ्या. चेहरा नको म्हणाली, तर फक्त आवाज घ्या. जे काढून टाका म्हणेल, ते काढा. एक प्रत तिच्या हाती द्या. तिची गोष्ट नेऊन आपण मोठ्या झालो, तर आपणही मधला माणूसच ठरू.

पुढच्या बैठकीला जुनं कार्ड, फोटो, मजुरीची चिठ्ठी, जे असेल ते घेऊन या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करू. तिला थांबायला वेळ नाही.